डब्याच्या बुडावरचे चोवीस शब्द

अण्णा,

तुमची छिन्नी आणि हातोडी मी वापरली. विचारलं नाही, कारण विचारायला तुम्ही नव्हतात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आई गेल्यावर घर आवरताना तुमच्या हत्यारांची कापडी पिशवी माझ्या वाट्याला आली आणि मी ती डोंबिवलीला आणून माळ्यावर टाकून दिली. मग तीन वर्षांपूर्वी एका रविवारी, घरात कुणी नसताना, ती खाली काढली आणि एका स्टीलच्या डब्याच्या बुडावर इंग्रजीतले चोवीस शब्द घातले. तुमच्यासारखेच, टिंबाला टिंब लावत. दोन तास लागले आणि अंगठ्यावर एक घाव बसला. तुम्ही असतात तर आधी म्हणाला असतात, ओळ तिरकी चाललीय. मग विचारलं असतंत, हे नाव कुणाचं? आणि मी काहीतरी थाप मारली असती. थापा मला बऱ्या जमतात, ते पुढे येईलच.

ते नाव कुणाचंच नाही. ती पैशाची किल्ली आहे. हल्ली एक पैसा निघालाय, तो नोटेत नाही, नाण्यात नाही, कुठल्या बँकेतही नाही. जगभरच्या कॉम्प्युटरांवर त्याची नोंद असते आणि ज्याच्याकडे किल्ली, त्याचा तो पैसा. पोस्टाच्या पासबुकावर शिक्का नीट उमटला नाही तर पुन्हा रांगेत उभे राहणारे तुम्ही. तुम्हाला हे सांगताना माझं मलाच हसू येतंय. पण मी पगारातून थोडंथोडं करून बरीच वर्षं ते घेत गेले. लेकीच्या शिक्षणासाठी. आधी ते मोबाइलमधल्या एका अ‍ॅपवर होते. मग तसलंच दुसरं कुठलंतरी अ‍ॅप एका सकाळी बंद पडलं, लोकांचे पैसे अडकले, तेव्हा कोलशेतच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, दुसऱ्याच्या तिजोरीत कशाला ठेवताय? ऑफलाइन टाका ना, स्वतःकडे." तिनेच पेनड्राइव्हएवढं एक यंत्र मागवून दिलं. किल्ली त्याच्या पोटात असते. एरवी ते कशाला जोडायचं नाही, कपाटात ठेवायचं. सुरू करताना ते चोवीस शब्द दाखवतं. यंत्र मोडलं किंवा हरवलं, तरी तेच शब्द त्याच क्रमाने पुन्हा घातले की पैसे परत. शब्द हरवले तर मात्र काही खरं नाही, आणि ते दुसऱ्याच्या हाती पडले तरी काही खरं नाही. "फोटो काढायचा नाही, मोबाइलवर लिहायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही," तिने बजावलं. "कागदावर पण नको. भिजतो, जळतो. लोक स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवतात, ऑनलाइन मिळते बघा." मी पट्टीची किंमत बघितली आणि मला तुमची पिशवी आठवली. भांड्यांवर नावं घालणाऱ्याची मुलगी मी, पट्टी विकत घेऊ? त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

कुणाला सांगायचं नाही, हे मी जरा जास्तच पाळलं. तुमच्या जावयांनी टीव्हीवर काहीबाही बघून मला पूर्वीच सांगितलं होतं, "हा सट्टा आहे, आपल्या घरात नको." मी बरं म्हटलं होतं आणि घेत राहिले होते. आणि दुसरं. तुम्ही लग्नात मला आईच्या पाटल्या दिल्या होत्यात. त्या कशा झाल्या होत्या ते मला ठाऊक आहे. एक झाली, मग चार वर्षांनी दुसरी, आणि दोन्हींचा रंग किंचित वेगळा होता. त्या मी ठाण्याला एका सराफाकडे मोडल्या. त्या नव्या पैशाचा भाव खाली आला होता, आत्ता घेतला तर पुढे फायदा होईल असं वाटलं. सराफाने पाटल्या तराजूत टाकल्या तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. घरी सगळे समजत होते की पाटल्या कपाटात आहेत, आणि मी तसं समजू देत होते.

तुमचं काम मला अजून जसंच्या तसं दिसतं. कल्याणच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान, पायरीला लागून तुमचं बुटकं स्टूल. लग्नसराई आहे, समोर पराती आणि हंडे लागलेत, आणि तुम्ही प्रत्येक बाईला विचारताय, "नाव सासरचं घालू का माहेरचं?" त्या लाजतात, आपापसात कुजबुजतात. तुम्ही चिठ्ठीवर लिहून घेता, मोठ्याने वाचून दाखवता, आणि मगच छिन्नी टेकवता. एकदा पडलेलं टिंब निघत नाही, असं म्हणायचात. तो दिवसही दिसतो. मी अकरा वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन आलेय. एक बाई परत आलीय, तिच्या सहा चांदीच्या वाट्यांतली एक कमी आहे. दुकानाचे मालक गल्ल्यावरूनच म्हणतात, "पिशवी दाखव रे जरा. बाईंचं समाधान होऊ दे." तुम्ही हातोडी बाजूला ठेवता आणि पिशवी पायरीवर उपडी करता. छिन्न्या, चुन्याची डबी, एक फडकं, दोऱ्याने बांधलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. बाई चपलेच्या टोकाने चिठ्ठ्या सरकवून बघते. वाटी चार दिवसांनी तिच्याच घरात सापडली. तिने मालकांकडे निरोप ठेवला, स्वतः आली नाही. तुम्ही घरी आईला एवढंच म्हणालात, "मिळाली म्हणे," आणि जेवायला बसलात. पण त्या दिवसापासून तुम्ही रोज निघताना मालकांसमोर पिशवी झटकून दाखवायला लागलात. कुणीही मागितलेलं नव्हतं. मी डबा द्यायला येणं बंद केलं, अभ्यासाचं निमित्त सांगून.

हे सगळं मला माहीत होतं, अण्णा. माहीत नसलेल्या बाईने केलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आमच्याकडे चौदा वर्षं एक मावशी भांडी-लादीला यायच्या. मूळच्या मंडणगडकडच्या, इथे पश्चिमेला खाडीकडच्या चाळीत राहतात. लेक तीन वर्षांची होती तेव्हापासून त्या येत. मला ऑफिसातून उशीर झाला की लेकीला खायला घालून मगच जायच्या, आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. चहा स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्याउभ्या घ्यायच्या. त्यांचा कप वेगळा होता, तेही लिहूनच टाकते. गेल्या दिवाळीत आम्ही माळा साफ केला. त्यांनी माळ्यावरचे सगळे डबे, तो कोरलेलासुद्धा, काढून घासले आणि ओट्यावर उपडे घातले. आमचे डबे सगळे एका सेटचे, एकसारखे. मी ऑफिसातून आले, फराळाची वाटावाटी राहिलेली, हाताला आला तो डबा घेतला, त्यात चकल्या आणि लाडू भरले आणि मावशींच्या हातात दिला. उलटा करून बघितला नाही. बाकीचे डबे पुन्हा माळ्यावर गेले आणि मी निर्धास्त झाले.

मार्चमध्ये यंत्र उघडायचा आकडा मी विसरले. तीनदा चुकला की ते स्वतःला पुसून टाकतं, आणि मी तीनदा चुकले. घाबरले नाही, कारण शब्द होते. माळ्यावर चढले, एकेक डबा उलटा केला. सगळ्यांची बुडं कोरी. मग फ्रिजवरचे, ओट्याखालचे, देवघराखालचे. दुपार झाली. लेकीची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती आणि ती सगळी त्या बुडावर होती. तुमचे जावई हॉलमध्ये पेपर वाचत होते. "काय शोधतेस गं सकाळपासून?" म्हणाले. मी म्हटलं, डबा. "मग? स्टीलच्या डब्यासाठी एवढं?" तेव्हा मी काय म्हणाले असेन? चोवीस शब्द म्हणता येत नव्हतं. माझ्या तोंडातून गेलं, "त्यात आईच्या पाटल्या होत्या."

ते ताडकन उठले. आणि मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मनात कुठेतरी बरंही वाटलं. पाटल्यांचं कधीतरी उत्तर द्यावं लागणारच होतं, ते आयतं मिळालं. "माळ्यावर कोण चढतं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मावशी संध्याकाळी आल्या. मी दारातच विचारलं. त्या गोंधळल्या. "पाटल्या? डब्यात? नाय वहिनी, मी घासलेले ते सगळे रिकामेच होते ओ. सोन्याचा डबा मी बघितलेलापण नाय." खरं सांगत होत्या. मी नुसतं म्हटलं असतं की मावशी, आमचा एक साधा डबा कमी आहे, बुडाला काहीतरी कोरलेलं आहे, तर त्या तिथल्या तिथे म्हणाल्या असत्या की अहो, फराळाचा तुमचा एक डबा माझ्याकडे राहिलेला आहे. पण मी सोन्याचा डबा विचारत होते आणि सोन्याचा डबा जगात नव्हता. माझी थापच मधे आडवी आली. मग मी म्हटलं, "पिशवी दाखवा बघू." जावई पण चमकले. दिवाळीत गेलेला डबा मार्चच्या पिशवीत कसा असेल? तेव्हा मला हे सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. मला कुणाला तरी खाली बघायला लावायचं होतं. मावशींनी पिशवी आमच्या उंबऱ्यात उपडी केली. गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या घरी दिलेल्या दोन चपात्या कागदात गुंडाळलेल्या, शिवायला टाकायचा एक ब्लाउज, सुटे पैसे. चपात्यांचा कागद त्यांनी स्वतः उघडून दाखवला. समोरचं दार उघडं होतं आणि समोरच्या वहिनी, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिसेस, उभ्या होत्या. मावशींनी सगळं परत भरलं आणि म्हणाल्या, "येते मी." दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. आठवड्याभरात आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी दोन घरांनी त्यांना काढलं. वॉचमनला सांगून ठेवलं होतं, आत सोडायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचं नाव न घेता एक मेसेज आला, कामाच्या बायकांपासून सावध राहा, आणि त्याखाली हात जोडल्याची चिन्हं.

जूनमध्ये एका दुपारी बेल वाजली. मी घरून काम करत होते. दारात मावशी. वॉचमनशी भांडून वर आल्या होत्या, आवाज चढलेलाच होता. हातात डबा. "वहिनी, तुमचा फराळाचा डबा. ऱ्हायलेला माझ्याकडे. दिवाळीपास्नं देईन देईन म्हणत होते, पण रिकामा कसा द्यायचा? आता गावाला गेलेले, तर कुळथाचं पीठ आणलंय. घरचं आहे." एवढं सगळं होऊनसुद्धा, अण्णा. रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून ती बाई सात महिने थांबली होती, आणि चोर ठरवलेल्या घरात पीठ घेऊन चार मजले चढून आली होती.

मी काय केलं ते लिहिते. या म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. डबा हातात घेतला आणि तिथेच उलटा केला. झाकण निघालं, पीठ सगळं उंबऱ्यावर, त्यांच्या पायांवर, माझ्या गाऊनवर. बुडावर माझे शब्द होते. चोवीसच्या चोवीस, तिरके, घासून घासून लख्ख झालेले. मी ते पहिल्यापासून वाचत सुटले, ओठ हलवत, आणि मावशी खाली वाकून पीठ गोळा करत होत्या. "असू दे, असू दे. झाडू कुठाय तुमचा?" म्हणत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. हळूच म्हणाल्या, "ह्योच का तो, वहिनी? पण ह्याच्यात पाटल्या नव्हत्या ओ. चकल्या होत्या."

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. हाच तो, मावशी. पाटल्या नव्हत्याच, मी खोटं बोलले. मी म्हटलं, "नाही, हा तो नाही. तो वेगळा." त्यांनी मान डोलवली. हातातलं पीठ परत डब्यात टाकलं, पदराला हात पुसले आणि गेल्या. मी दार लावलं, शब्द नव्या कागदावर उतरवले आणि यंत्रात घातले. पैसे परत आले, सगळेच्या सगळे. लेकीची फी भरली. घरी सांगितलं, पीएफमधून काढले.

कुळथाच्या पिठाची पिठी मी केली नाही. टाकूनही दिलं नाही. पिशवीत बांधून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवलंय, आणि दर वेळी भाजी काढताना दिसतं. तुमचे जावई एकदा म्हणाले, हे कसलं पीठ, कर की एकदा, पावसाळी हवा आहे. मी म्हटलं, जुनं झालंय.

खरं सांगायचं म्हटलं तर फार काही लागत नाही. पाटल्या मोडल्या, सट्टा नको म्हणालात तेव्हा बरं म्हटलं ते पाळलं नाही, आणि मावशींनी काहीही घेतलेलं नाही, ही तीन वाक्यं. जावई चिडतील. दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा मागतील. ते तसे वाईट नाहीत. सोसायटीत लोक आठवडाभर बोलतील, मग पार्किंगवरून भांडायला लागतील. माझं एवढंच जायचं आहे. मावशींची तीन घरं गेली, आणि जिथे जिथे त्या काम मागायला जातात तिथे त्यांच्याआधी ती गोष्ट पोचते. परवा ऑफिसातून येताना रिक्षातून त्या मला दिसल्या, स्टेशनजवळ, एका नव्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनशी बोलत होत्या. पिशवी त्यांनी हातात अशी उघडी धरली होती की आतलं सगळं दिसावं. वॉचमनने मागितली होती का, ते मला माहीत नाही. मी रिक्षा थांबवायला सांगितली नाही.

आज रजा काढून सकाळपासून हे लिहितेय. मावशींकडे जायचं म्हणून रजा काढली होती. चालत वीस मिनिटं लागतात. त्याऐवजी तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही ऐकून घ्याल आणि काही म्हणणार नाही. हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच येत नाही. फाडून टाकीन, घरात कुणाच्या हाती लागायला नको. बघा, अजून मला तेच सुचतंय.

एक राहिलं. ते लिहायचं टाळत होते. काल संध्याकाळी लिफ्टमध्ये समोरच्या वहिनी भेटल्या. "त्या पाटल्यांचं काही कळलं का हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, गेलं ते गेलं. पोलिसात पण नाही दिलं आम्ही. गरीब बाई आहे, कशाला उगाच." वहिनी म्हणाल्या, "खरंच, तुमचं मन फार मोठं आहे."

मी "कसलं हो," म्हणाले, आणि हसले.